म्हादई खोऱ्याचें संरक्षण : वाट, खाण आणि कागद

बेळगांव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या माथ्यावर, कणकुंबी नांवाचें एक गांव आहे. तेथें मलप्रभेचा उगम मानितात. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते व तिचें पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जातें. याच माथ्याच्या पश्चिम अंगास पडलेला पाऊस मात्र कळसा, भांडुरा अशा ओढ्यांनीं म्हादईस मिळतो आणि पणजीजवळ अरबी समुद्रांत पोंचतो. एका गांवच्या शिवारांतून दोन समुद्रांकडे पाणी जावें ही गोष्ट पाहणारास कौतुकाची वाटते; पण या नदीविषयींचे आजचे बहुतेक तंटे याच भूरचनेंतून निघाले आहेत, हें प्रारंभींच ध्यानांत ठेविलें पाहिजे.

नदीचें वरचें नांव म्हादई व खालचें मांडवी. पाणी-तंटा लवादापुढें आलेल्या आंकड्यांप्रमाणें तिचें एकंदर खोरें २०३२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकीं १५८० गोव्यांत, ३७५ कर्नाटकांत व ७७ महाराष्ट्रांत, दोडामार्गाच्या बाजूस, मोडतें. खोऱ्याचे तीन चतुर्थांशांहून अधिक क्षेत्र गोव्यांत आहे, परंतु नदीचा माथा गोव्याबाहेर आहे. वरच्या खोऱ्यांत, म्हणजे सत्तरी महालांत व त्याच्या पाठीशीं असलेल्या भीमगडाच्या रानांत, अजूनही सलग अरण्य उभें आहे. हें अरण्य कसें टिकलें, या प्रश्नास हल्लीं दोन उत्तरें देण्यांत येतात. कोणी म्हणतात, लोकांच्या देवभोळेपणानें रान राखलें. कोणी म्हणतात, १९९९ च्या अभयारण्यानें तें राखलें. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, तरी कागदपत्रांच्या क्रमानें पाहूं गेल्यास तीं दोन्ही अपुरीं ठरतात. प्रथम या खोऱ्याचें रक्षण त्याच्या दुर्गमतेनें केलें, आणि ती दुर्गमता मोडल्यानंतर त्याचें भवितव्य कागदावर, विशेषतः कागदावरील मुदतीवर, अवलंबून राहिलें, असें आमचें मत आहे. तें पुढें मांडीत आहों.

दुर्गमता म्हणजे निर्जनता नव्हे. कोंकणपट्टी व देश यांमधील व्यापार घाटवाटांनींच चाले. बेळगांवाकडून खालीं उतरणारा रामघाट त्या काळीं प्रसिद्ध होता, आणि चोर्ल्याच्या बाजूनेंही साखळीकडे माणसें व बैल उतरत. नदीचा खालचा भाग तर राजकारणाच्या ऐन मध्यावर होता. मांडवीच्या परिसरांतील नार्वें येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनीं शके १५९० च्या कार्तिकांत, म्हणजे इ. स. १६६८ मध्यें, आरंभिला. तेथील शिलालेख वाचकांच्या परिचयाचा आहे. संभाजीमहाराजांच्या काळीं शाहजादा अकबर डिचोलीस राहिला होता. परंतु नार्वें आणि डिचोली येथपर्यंत होड्या व घोडे जेवढे सहज जात, तेवढे ते नाणूसच्या पलीकडे जात नसत. सत्तरीचें रान हें सत्तेच्या हातास लागूनही मुठींत न येणारें असें होतें.

इ. स. १७४६ मध्यें पोर्तुगिजांनीं सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली व साखळीकडील प्रदेश जिंकला. मधल्या काळांत तो पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोर्तुगिजांच्या ‘नव्या काबिजादींत’ कायमचा मोडला. येथील राण्यांशीं नव्या सत्तेनें करार करून त्यांचे मोकाशाचे व वतनाचे हक्क मान्य केले. ते वेळोवेळीं मोडले गेले, आणि मोडले गेले कीं बंड झालें. २६ जानेवारी १८५२ रोजीं दीपाजी राणे यांनीं नाणूसचा किल्ला घेऊन उठाव केला, तो १८५५ पर्यंत चालला. कुष्टोबा राणे यांचें बंड १८६९ ते १८७१ या काळांतलें. १८९५ मध्यें मोझांबिकास जाण्याचें नाकारून मराठे शिपायांनीं दंगा केला तेव्हां दादा राणे त्यांस मिळाले, व तें प्रकरण मिटवितां मिटवितां पोर्तुगालहून राजपुत्रासह फौज आणावी लागली. या तिन्ही प्रसंगीं पणजीच्या सैन्याचा मुख्य शत्रु राणे नव्हते, रान होतें. तोफ जेथें ओढून नेतां येत नाहीं, पावसाळ्याचे चार महिने जेथील ओढे ओलांडतां येत नाहींत, तेथें थोडीं माणसें फार दिवस टिकतात.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. राण्यांचीं बंडें हीं अरण्यरक्षणाचीं चळवळ होतीं असें हल्लीं कोठें कोठें सुचविण्यांत येतें. त्यास आधार नाहीं. राणे लढले ते जमिनीच्या हक्कांसाठीं, करांविरुद्ध व मानासाठीं. झाड त्यांस आडोसा म्हणून हवें होतें. परंतु त्या लढ्यांचा परिणाम म्हणून सत्तरीचा अंतर्भाग दीर्घकाळ राजधानीच्या सोईचा झाला नाहीं, हें मात्र खरें.

खोऱ्याच्या दुसऱ्या अंगास दुर्गमता आधींच मोडली होती. डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगांव बंदरापासून कुळें व दूधसागर या मार्गानें कॅसल रॉकपर्यंत लोहमार्ग बांधण्यांत आला व १८८८ पर्यंत तो पुरा होऊन गाड्या चालूं लागल्या. दूधसागराचें पाणी खांडेपार नदीवाटे मांडवीसच मिळतें. म्हणून हा लोहमार्ग म्हादईच्या खोऱ्यावरील पहिला मोठा छेद समजला पाहिजे. तह १८९२ मध्यें संपला, लोहमार्ग राहिला. एकदां झालेली वाट करार संपल्यानें बुजत नाहीं, ही गोष्ट पुढील हकीकतींत पुन्हा पुन्हा दिसेल.

आतां खाणींकडे वळूं. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानानें वसाहतींतील खाणींचा कायदा ठरविला, आणि त्याअन्वयें गोव्यांत लोखंड व मँगनीज यांच्या सनदा देण्यांत येऊं लागल्या. या सनदांचें एक लक्षण विशेष होतें: त्यांस अंतिम मुदत नव्हती. ठराविक आकार भरला, अटी पाळल्या, कीं हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचा. प्रारंभीं त्यांचा उपद्रव जाणवला नाहीं, कारण डोंगरांतील खनिज बंदरापर्यंत नेण्यास सोयच नव्हती. सनद कपाटांत राहिली व डोंगर जागीं राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रें आलीं, मालमोटारी आल्या, मांडवीच्या कांठीं आमोणें वगैरे ठिकाणीं धक्के झाले, व तेथून बार्जींत भरून खनिज मुरगांवास जाऊं लागलें. तेव्हां त्याच जुन्या कागदांत अकस्मात् प्राण आला. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, पण या सनदा मुक्तीनंतरही पंचवीस वर्षें तशाच चालल्या. १९८७ च्या कायद्यानें त्या रद्द करून त्यांचे भारतीय कायद्याखालील पट्टे केले, आणि हा बदल २० डिसेंबर १९६१ पासून झाला असें मानण्यांत यावें असें ठरविलें. मागील तारखेपासून अंमल देण्याचा हा प्रकार त्या वेळीं केवळ वकिलांच्या उपयोगाचा वाटला असेल. सत्तावीस वर्षांनीं त्यानेंच साऱ्या धंद्याचा निकाल लावला, तें पुढें येईल.

खाण व नदी यांचा संबंध काय, हें ज्यांनीं तो मुलूख पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे. येथील डोंगरांचे माथे जांभ्या दगडाचे, सपाट. त्यांस सडा म्हणतात. पावसाळ्याचें पाणी या सच्छिद्र माथ्यांत व त्याखालील थरांत मुरतें आणि उन्हाळ्यांत पायथ्याच्या झऱ्यांनीं हळूहळू बाहेर येतें. वायंगण भात व सुपारीच्या बागा या झऱ्यांवर जगतात. लोखंडाचें खनिजही याच डोंगरांच्या पोटांत आहे. तें काढावयाचें म्हणजे माथा उघडून खालीं उतरत जावयाचें, आणि एक टन खनिजामागें दोन-तीन टन माती बाजूस टाकावयाची. खाण भूजलाच्या पातळीखालीं गेली म्हणजे पाणी उपसून टाकावें लागतें, व आसपासच्या विहिरी आटतात. टाकलेली माती पहिल्या मोठ्या पावसांत ओढ्यांवाटे शेतांत व नदींत उतरते. डिचोली महालांत व सत्तरींतील पिसुर्लें, सोनशी या बाजूस हें सर्व घडलेलें आहे. सोनशीच्या गांवकऱ्यांनीं २०१७ च्या एप्रिलांत गांवांतून धांवणाऱ्या खनिजाच्या मालमोटारी अडविल्या, तेव्हां चाळीसांहून अधिक स्त्री-पुरुषांस तुरुंगांत जावें लागलें. त्यांची तक्रार धुळीची व पाण्याची होती. खाणीची वाट हीच येथें खाणीइतकी जाचक ठरली.

पिसुर्ल्यापर्यंत जें झालें तें नदीच्या माथ्यापर्यंत झालें नाहीं, याचें मुख्य कारण १९९९ सालचा एक कागद होय. त्या वर्षीं गोव्यांत राष्ट्रपति राजवट होती. राज्यपाल ले. जनरल जे. एफ. आर. जेकब हे होते. १९७१ सालीं ढाक्याच्या शरणागतीच्या वाटाघाटी करणारे सेनानी ते हेच. त्यांच्या कारकीर्दींत सत्तरींतील २०८.४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचें म्हादई अभयारण्य व दक्षिणेस नेत्रावळीचें २११.०५ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. मोलेंचें जुनें अभयारण्य या दोहोंच्या मध्यें असल्यामुळें सह्याद्रीचा गोव्यांतील उतार बहुतेक सलग संरक्षणाखालीं आला. पुढें २०११ मध्यें कर्नाटकानें भीमगडचें अभयारण्य केलें, तेव्हां घाटमाथाही त्यांत जोडला गेला. (भीमगडाजवळील बारापेडेच्या गुहांत एका जातीचें वटवाघूळ आहे. त्याचें शास्त्रीय वर्णन १९१३ मध्यें झालें, आणि पुढें कित्येक दशकें या गुहांवांचून त्याचें दुसरें ठिकाण जगास माहीत नव्हतें.)

विधानसभा नसतांना हें काम झालें, ही त्याची सोय होती आणि तोच त्याचा दोष होता. निवडून आलेल्या कोणत्याही मंत्रिमंडळास खाणींच्या हद्दींतून अशी रेषा ओढणें जड गेलें असतें, यांत शंका नाहीं. पण ज्या गांवांवरून ती रेषा गेली त्या गांवांस कोणी विचारलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. वन्यजीव संरक्षण कायद्याची रीत अशी कीं, आधीं सरकारनें हेतु जाहीर करावा, मग लोकांच्या हक्कांची चौकशी करून दावे निकालांत काढावे, आणि नंतर अंतिम अधिसूचना काढावी. पहिलें काम एका सहीनें झालें. दुसरें रेंगाळलें, तें इतकें कीं जुलै २०२३ मध्यें उच्च न्यायालयास त्यासाठीं बारा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

इकडे खनिजाचा भाव चढला. २०१०-११ पर्यंत गोव्याची निर्यात वर्षास पांच कोटी टनांच्या वर गेली. न्यायमूर्ति एम. बी. शहा यांच्या आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्यें प्रसिद्ध झाल्यावर राज्य सरकारनें व मागोमाग सर्वोच्च न्यायालयानें खाणी थांबविल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें जो हिशेब केला तो इतिहासाच्या अभ्यासकानें लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. सनदा १९६१ पासून पट्टे झाल्या. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजीं संपली. कायद्यानें वीस वर्षांचें एकच नूतनीकरण मिळूं शकतें. तेव्हां २२ नोव्हेंबर २००७ नंतर गोव्यांत एकही पट्टा जिवंत नव्हता, आणि पुढील सर्व खाणकाम बेकायदेशीर होतें. ज्या कागदास मुदतच नव्हती त्यास अशा रीतीनें मुदत लागली. याच निकालानें राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरांत खाणकाम करण्यास मनाई केली व वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. सरकारनें पुन्हा केलेलीं ८८ नूतनीकरणें ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानें रद्द झालीं. जेकब यांच्या वेळची रेषा नसती, तर एक किलोमीटर कोठून मोजावयाचा हा प्रश्नच उद्भवला नसता.

या निकालांमुळें मालमोटारवाले, बार्जवाले व खाणींतील मजूर यांचा रोजगार एका दिवसांत बुडाला, हें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांतील पुष्कळजण त्याच गांवांचे होते ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या. एकाच घरांत एक भाऊ खाणीविरुद्ध व दुसरा खाणीसाठीं मोर्चांत जावा, असें सत्तरी व डिचोलींत घडलें आहे.

खाणींचा प्रश्न असा न्यायालयांत असतांना वाटांचा प्रश्न मोल्यास उभा राहिला. एप्रिल २०२० मध्यें, सर्व देश घरांत कोंडलेला असतांना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढें मोलें भागांतील कामांचे प्रस्ताव आले. त्या सुमारास तीन कामें चर्चेंत होतीं: १८८८ च्याच लोहमार्गास दुसरा रूळ, राष्ट्रीय महामार्गाचें चौपदरीकरण व चारशे किलोव्होल्टांची वीजवाहिनी. विरोधकांचें म्हणणें असें कीं दुसरा रूळ मुख्यतः मुरगांवांतून कर्नाटकांतील पोलादाच्या कारखान्यांकडे कोळसा नेण्यासाठीं आहे. नोव्हेंबर १-२ च्या रात्रीं चांदोर येथें हजारों लोक लोहमार्गावर येऊन बसले. केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनें २३ एप्रिल २०२१ च्या अहवालांत दुसऱ्या रुळास पुरेसें समर्थन नाहीं असें सांगितलें, आणि ९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कॅसल रॉक ते कुळें या भागाची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. वीजवाहिनी नव्या मार्गानें न नेतां आधींच्या वाहिनीच्या पट्ट्यानें न्यावी असें ठरलें. येथें न्यायालयाची दृष्टि लक्षांत घेण्याजोगी आहे: जुना छेद असेल तर तोच वापरा, नवा पाडूं नका. तहाच्या काळीं पडलेली वाट अशा रीतीनें सव्वाशे वर्षांनंतर अरण्याच्या बाजूचा पुरावा झाली.

कळसा-भांडुरा योजनेविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. म्हादईचें पाणी मलप्रभेंत वळवून धारवाड-हुबळीकडे पिण्यास न्यावें असा कर्नाटकाचा विचार १९८० नंतरच्या दशकापासूनचा. २०१० मध्यें नेमलेल्या लवादानें १४ ऑगस्ट २०१८ रोजीं निवाडा देऊन कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी नेमून दिलें. कर्नाटकाच्या वांट्यांत मलप्रभेकडे वळवावयाचें पाणी ३.९ अब्ज घनफूट आहे. मोठा भाग वीजनिर्मितीचा असून तें पाणी पुन्हा नदींतच यावयाचें आहे. तिन्ही राज्यांनीं निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. मलप्रभेच्या कांठच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाहीं. पण कणकुंबीस कालव्याची खोदाई पाहणारास असें दिसेल कीं, सह्याद्रीनें जी पाणलोटाची रेषा आंखली ती येथें यंत्रानें पुसण्याचें काम चाललें होतें.

अखेर वाघाविषयीं. सत्तरींत वाघाच्या मूर्ति गांवोगांवीं आहेत. लोक त्यांस वाघरो म्हणून पूजितात. केरीच्या डोंगराचें नांवच वाघेरी. या मूर्तींवरून येथें वाघाची कायम वस्ती आहे असें अनुमान अनेकांनीं काढलें व सरकारपक्षानें तें नाकारलें. मूर्ति ही श्रद्धेचा व जुन्या परिचयाचा पुरावा असते, आजच्या वस्तीचा नव्हे, इतकें सरकारचें म्हणणें तर्कास धरून होतें. दुर्दैवानें दुसरा पुरावा लवकरच मिळाला. २००९ मध्यें केरीच्या रानांत एक वाघ मारला गेला. जानेवारी २०२० मध्यें म्हादई अभयारण्यांत गोळावली येथें एक वाघीण व तिचे तीन बच्चे विषानें मेलेले सांपडले. बच्चे असलेली वाघीण वाटसरू नसते. गुरें मारल्याचा राग हें त्या विषाचें कारण. वाघाला देव मानणाऱ्या मुलखांत हें घडलें, यावरून देवभोळेपणानें रान राखलें या पहिल्या उत्तराची मर्यादा कळते. तथापि तें उत्तर अगदीं टाकाऊही नाहीं: बांबर येथील निरंकाराची राई व केरीची आजोबाची राई या देवराया आजही उभ्या आहेत, आणि निरंकाराच्या राईंतील जायफळाच्या जातीच्या वृक्षांची दलदल वनस्पतिशास्त्रज्ञ मुद्दाम पाहावयास येतात.

२४ जुलै २०२३ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें म्हादई व लगतच्या संरक्षित वनांचें व्याघ्रक्षेत्र तीन महिन्यांत जाहीर करावें असा हुकूम दिला, व त्यांतच वनवासी लोकांचे दावे बारा महिन्यांत निकालांत काढण्यास सांगितलें. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयांत गेलें. सरकारचें मुख्य कारण लोकांच्या विस्थापनाचें होतें. त्याच लोकांच्या दाव्यांची चौकशी १९९९ पासून पुरी करण्याचें काम सरकारचेंच होतें, हें येथें नमूद केलें म्हणजे पुरे. जमिनीच्या मालकीची ही जखम किती ओली आहे तें जानेवारी २०२१ मध्यें मेळावलीस दिसलें; तेथें एका सरकारी शिक्षणसंस्थेच्या जागेस गांवानें विरोध केला व सरकारनें तो बेत सोडला, पण कसणाऱ्याच्या नांवावर जमीन नाहीं ही तक्रार त्यानंतर साऱ्या सत्तरींत उठली.

खाण-सनदांचे कागद व्यवस्थित राहिले, त्यांस १९८७ मध्यें कायद्यानें रूप मिळालें, आणि त्यांची तारीखवार छाननी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढें झाली. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची आहे, व डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं तेथील मराठ्यांसंबंधींचे कागद उजेडांत आणून आम्हां सर्वांस ऋणी केलें आहे. ज्यांनीं सत्तरींत पिढ्यान्‌पिढ्या कुमेरी केली, काजू लावले, देवराईच्या हद्दी पाळल्या, त्यांचे कागद मात्र अद्याप कोणीं गोळा केलेले नाहींत. मोकाशाच्या वसुलीच्या पावत्या, देवस्थानांचे जमाखर्च, गांवकीचे ठराव, हद्दीच्या तंट्यांतील जबान्या, मग त्या मोडींत असोत, गोंयकानडींत असोत वा पोर्तुगीज भाषेंत, ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्या दप्तराबाहेर काढून त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. नाणूस, वाळपई, केरी, सुर्ला व कृष्णापूर या गांवांपासून प्रारंभ करावा असा प्रस्तुत लेखकाचा विचार आहे. पावसाळ्यांत त्या वाटा अजून बिकट असतात, म्हणून हें काम माघ-फाल्गुनांत हातीं घेणें सोईचें पडेल.